आधी धाव मोज

बुकिंग करून मोकळा झालास. एकवीस हजार भरले, पावतीचा फोटो काढला आणि मग रात्री मला फोन करून विचारतोस, ‘बाई, निर्णय बरोबर आहे ना?’ पैसे भरल्यावर हे विचारतात का रे? पेपर लिहून झाल्यावर प्रश्न वाचायची तुझी खोड नववीत होती. चाळिशी आली तरी ती गेलेली नाही. फोनवर मी फार बोलले नाही, कारण तुला घाई होती आणि मला राग आला होता. आता घाई नाही, राग तेवढा आहे. सगळं वाच. दोनदा वाच.

मी विचारलं, महिन्याला किती किलोमीटर चालवतोस? ‘तसं काही फिक्स नाही बाई.’ चार्ज कुठे करणार? ‘सोसायटीत होईल काहीतरी.’ हप्ता किती बसतोय? ‘बँकवाले काढतायत.’ आणि गाडी शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत जाते, ते मात्र दशांश चिन्हापुढच्या आकड्यासकट तोंडपाठ! धायरीहून हिंजवडीला जाताना शंभराचा वेग तू नेमका कुठे गाठणार आहेस ते मला एकदा दाखव. नवले पुलाच्या उतारावर गाठायचा विचार असेल, तर तिथल्या अपघातांच्या बातम्या तू वाचत नाहीस एवढाच त्याचा अर्थ. पडदा किती इंचांचा, दिव्यांचे रंग किती, छताची काच कुठून कुठपर्यंत, सगळं सांगितलंस. ज्या तीन प्रश्नांवर गाडी ठरते, त्या तिन्हींना शून्य.

इलेक्ट्रिक गाडी घेऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. बाई निवृत्त झाल्या, रिक्षाने फिरतात, त्यांना यातलं काय कळतं, असं मनात आलं असेल तर ते तिथेच ठेव. मोटारीचं भौतिकशास्त्र मीच तुला शिकवलंय आणि टक्केवारीसुद्धा. माझं म्हणणं एवढंच की, तू गाडी दुसऱ्याच कोणाच्या तरी आयुष्यासाठी निवडली आहेस. तो माणूस दर शनिवारी तीनशे किलोमीटर जातो, बंगल्यात राहतो आणि त्याला कर्ज नाही. तो तू नव्हेस.

तुझं आयुष्य मी मांडून दाखवते. ऑफिसला जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. महिन्याचे बावीस दिवस धरले तर अकराशे. वर भाजी, दवाखाना, मुलीचा क्लास, दोन महिन्यांनी कराडची फेरी. सरासरी दोनशे धर. तेराशे झाले. वर्षाला पंधरा हजार सहाशे. हे गणित करायला तुला पाच मिनिटं लागली असती. ओडोमीटरचा आकडा महिन्याच्या पहिल्या तारखेला लिहून ठेवला असतास तर तेवढीही नाही.

आता तुझी जुनी पेट्रोल गाडी. या रहदारीत लिटरला तेरा देत असेल. पेट्रोल एकशेचार रुपये धरलं तर किलोमीटरला आठ रुपये. विजेची मध्यम गाडी शहरात युनिटला सात किलोमीटर जाते. चार्ज होताना थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवरच्या एका युनिटला सहा धर. घरची वीज बारा रुपये युनिट पडली, तरी किलोमीटरला दोन रुपये. म्हणजे किलोमीटरमागे सहा वाचले, वर्षाला त्र्याण्णव हजार सहाशे. सारख्या मापाच्या पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाख जास्त मोजलेस, तरी साडेतीन वर्षांच्या आत वसूल. तुझ्यासारख्याने विजेची गाडी घ्यायलाच हवी, असं हे गणित सांगतं.

आणि हेच गणित आपल्या चित्रकलेच्या सरांना उलटं सांगतं. ते निवृत्तीनंतर महिन्याला तीनशे किलोमीटरही चालवत नाहीत. वर्षाला छत्तीसशे, बचत साडेएकवीस हजार. तेच तीन लाख वसूल व्हायला त्यांना चौदा वर्षं लागतील. तोवर गाडीचं काय होईल आणि सरांचं काय होईल! त्यांनाही एका शोरूममध्ये ‘खर्च जवळजवळ शून्य’ असं सांगून खुर्चीत बसवलं होतं. सर चहा पिऊन परत आले, ते शहाणे म्हणून.

म्हणजे विजेची गाडी घेण्यात तू बरोबर आहेस. पण तू गणित करून इथवर आलेला नाहीस, शेजारच्या विंगमध्ये हिरवी नंबरप्लेट आली म्हणून आलायस. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर घसरलास.

पहिली घसरण बॅटरीच्या मापाची. फोनवर दोनदा म्हणालास, ‘साठ किलोवॅटची बॅटरी आहे बाई.’ साठ किलोवॅट बॅटरी नसते. किलोवॅट ही शक्ती, किलोवॅट-तास ही ऊर्जा. दहावीला हा एका गुणाचा प्रश्न होता आणि तेव्हाही तू तो चुकवला असशील. एक किलोवॅट-तास म्हणजे महावितरणच्या बिलातलं एक युनिट. साठ युनिटची बॅटरी घेतलीस, आणि रोज लागतात किती? पन्नास किलोमीटरला मीटरवर साडेआठ. उरलेली पन्नास युनिटं तू रोज धायरीहून हिंजवडीला आणि हिंजवडीहून धायरीला फिरवून आणणार. त्यांचं वजन शेकडो किलो, आणि किंमत लाखांत.

‘पण बाई, गणपतीला गुहागरला जायचं असतं.’ हे तुझं उत्तर. सासुरवाडीला वर्षातून एकदा, फार तर दोनदा. वर्षातून एकदा पंगत बसते म्हणून रोजच्या भाताला कोणी पंगतीचं पातेलं चढवत नाही. त्या चार दिवसांसाठी जुनी पेट्रोल गाडी काढ, भाड्याने घे, नाहीतर वाटेत अर्धा-पाऊण तास थांबून चार्ज कर. गणपतीच्या दिवसांत चार्जरवर रांग असेल हे खरं. पण ती साठ युनिटवाल्यालाही लागेल, आणि त्याची बॅटरी भरायला वेळ जास्त जाईल.

कराडचं बोल, ते खरं कामाचं आहे. आई-वडील तिथे आहेत, वडिलांना पुण्याला तपासणीला आणायचं असतं. धायरीहून कराड दीडशे किलोमीटर धरू. महामार्गावर एसी लावून नव्वदच्या वेगाने बॅटरीतल्या युनिटला सहा किलोमीटर मिळतात असं समज. पंचवीस युनिटं लागली. पस्तीस युनिटची बॅटरी असेल तर घरी पोचताना दहा शिल्लक. पंचवीसचीच असेल तर साताऱ्याला थांबणं आलंच. आता सांग, तुझं माप काय? पस्तीस ते पंचेचाळीस. साठ नाही, आणि स्वस्त मिळते म्हणून सतरा-अठराही नाही. कॉमेट ही छोटी विजेची गाडी चांगली आहे, तीन मीटरपेक्षा आखूड, गल्लीत कुठेही मावते. पण तिची १७.३ युनिटची बॅटरी कराडला जाणाऱ्या माणसासाठी नाही. कोथरूडहून डेक्कनला बँकेत जाणाऱ्या बाईसाठी ती तुझ्या गाडीपेक्षा दसपट शहाणी निवड आहे.

जाहिरातीतल्या रेंजवर विश्वास ठेवून तू मला ‘पाचशेच्या वर जाते’ असं सांगितलंस. तो आकडा खोटा नाही, पण तो तुझ्या रस्त्याचा नाही. भारतीय चाचणीचक्रात गाडी रोलरवर चालते, एसी बंद असतो आणि वेग ताशी नव्वदच्या वर जात नाही. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयच्या दारावरून तू शंभरदा गेला असशील. अशा चाचण्या तिथे होतात. नेक्सॉनच्या ४५ युनिटवाल्या गाडीची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर, आणि प्रत्यक्षात साधारण ३५० ते ३७० मिळतील असं तीच कंपनी सांगते. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना मोठा आकडा तेवढा वाचायचा आणि बारीक अक्षर सोडायचं, याला काय म्हणावं? शिवाय लांबच्या प्रवासात वाटेतलं चार्जिंग दहा ते ऐंशी टक्क्यांतच करायचं असतं. ऐंशीच्या पुढे फास्ट चार्जर मुंगीच्या पावलाने भरतो, आणि दहाच्या खाली तुझ्या बायकोचा रक्तदाब वाढतो. म्हणजे एकदा निघाल्यावर हातात राहते ती सत्तर टक्के बॅटरी. तेवढ्यावर हिशोब बसव.

घाटाचीही तुला भीती घातलेली दिसते. ‘घाटात बॅटरी धडाधड उतरते म्हणे.’ म्हणे! सूत्र विसरलास? वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. गाडी आणि माणसं मिळून दोन टन, बोरघाटाची चढण पाचशे मीटर धर. दोन हजार गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले पाचशे, झाले अठ्ठ्याण्णव लाख ज्यूल. एका युनिटात छत्तीस लाख ज्यूल असतात. म्हणजे पावणेतीन युनिटं, गळती धरून तीन-साडेतीन. अख्ख्या बोरघाटाची किंमत एवढीच. आणि उतरताना त्यातला बराचसा भाग मोटर जनरेटर बनून बॅटरीत परत घालते. पेट्रोलच्या गाडीत तो ब्रेकच्या पॅडवर जळून जातो. रेंज खातो तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीऐवजी शंभरने गेलास तर तो दीडपटीहून जास्त. एकशेवीसने जाऊन ‘रेंज मिळत नाही’ म्हणून कंपनीला शिव्या देणारे पुष्कळ आहेत, त्यांत तुझी भर नको.

आता मुख्य गोष्ट. तिच्यावर मी सर्वांत जास्त चिडले आहे. ‘सोसायटीत होईल काहीतरी.’ काय होईल? तुझं पार्किंग मी पाहिलंय. ते वर-खाली सरकणारं, लोखंडी पाट्यांचं. तुझी गाडी वरच्या पाट्यावर. पाटा सरकतो, बाजूचा खाली येतो. त्या सरकत्या पाट्यावर उभ्या गाडीला तू वायर कुठून आणणार? रात्री बाराला दुसऱ्याने बटण दाबलं तर चार्जिंगची गन लावलेल्या गाडीचं काय होईल? आणि पाट्याच्या बाजूला वजनाची मर्यादा रंगवलेली असते, ती कधी वाचलीस? साठ युनिटच्या गाड्या दोन टनांच्या आसपास जातात. त्या दोन आकड्यांची गाठ पडते का हे बुकिंगच्या आधी बघायचं होतं. वरातीमागून घोडं ते हेच. गाडी दारात येईल तेव्हा तिला उभं राहायला जागा नसेल आणि प्यायला वीज नसेल. मग आठवड्यातून दोनदा बाहेरच्या फास्ट चार्जरवर जाऊन मोबाइल बघत बसशील. तिथे वीज युनिटला बावीस रुपये धर. किलोमीटरला पावणेचार झाले. त्र्याण्णव हजारांची बचत सदुसष्ट हजारांवर आली. घरच्या एका सॉकेटची किंमत वर्षाला सव्वीस हजार, आणि तुला त्याची चौकशी करायला वेळ नव्हता.

सिंहगड रस्त्यावर राहतोस ना? मग आधी लगीन सॉकेटचं. तळमजल्यावर स्थिर जागा असलेल्या शेजाऱ्याशी पार्किंगची अदलाबदल कर. वयस्कर जोडपं असेल, गाडी क्वचित काढत असतील, तर बोलून बघ. ती अदलाबदल आणि सॉकेटची परवानगी दोन्ही सोसायटीच्या कमिटीकडून लेखी घे. सेक्रेटरी जिन्यात ‘करा हो’ म्हणाले, ही परवानगी नव्हे. पुढच्या वर्षी सेक्रेटरी बदलतात. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या अधिकारांच्या नियमांत दुरुस्ती केली, त्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागता येते. तीही चौकशी कर, कारण घरच्याच मीटरवर घेतलंस तर दुसरी गंमत आहे. महावितरणचे घरगुती दर शंभर, तीनशे, पाचशे युनिटांच्या टप्प्यांनी चढतात. तुझी गाडी महिन्याला सव्वादोनशे युनिटं खाणार. आज दोनशेच्या आत असलेलं बिल चारशेवर जाईल आणि गाडीची जवळजवळ निम्मी वीज तीनशेच्या वरच्या टप्प्यात पडेल. म्हणून मी वर बारा रुपये धरले. शोरूममधला मुलगा सहा धरून दाखवत होता ना? त्याला त्याचं पोट आहे. तुला डोकं आहे.

आणि चार्जर. तुला ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर हवाच आहे, कारण तो ‘कॉम्प्लिमेंटरी’ आहे. तेवढा भार सोसायटीच्या केबलवर बसतो का हे कोणी तपासलं? तुझी गरज रोज साडेआठ युनिटांची. साधा पंधरा-सोळा ॲम्पिअरचा पॉवर प्लग तासाला तीन युनिटं देतो. तीन तासांत काम झालं. रात्री दहाला लावून सकाळी सहाला काढलास तर चोवीस युनिटं, म्हणजे एकशेचाळीस किलोमीटर. एवढं तू दोन दिवसांत चालवत नाहीस.

पण तो प्लग नीट बसव, हे मी हात जोडून नाही, कान धरून सांगते. गीझर पंधरा मिनिटं चालतो. ही गाडी आठ तास एकसारखा प्रवाह ओढते. आमच्या इमारतीत एकाने स्कूटर लावायला जुन्याच पॉइंटवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला होता. महिन्याभरात प्लगची एक पिन काळी पडली, भोवतीचं पांढरं प्लॅस्टिक बिस्किटासारखं पिवळट झालं आणि एक दिवस प्लग ओढला तर सॉकेटचा अर्धा तुकडा हातात आला. तीही स्कूटर. गाडीला मीटरपासून स्वतंत्र लाइन हवी, चार एमएमची तांब्याची वायर, तिचा स्वतःचा एमसीबी, आरसीसीबी आणि खरंखुरं अर्थिंग. खरंखुरं म्हणते, कारण सॉकेटला तिसरं भोक असतं म्हणजे त्यामागे अर्थिंग असतंच असं नाही. अर्थिंग कमकुवत असलं तर बऱ्याच गाड्या चार्ज व्हायलाच नकार देतात. त्या तुझ्यापेक्षा शहाण्या असतात. कराडच्या घरीही हेच तपास. ओसरीवरच्या ज्या पॉइंटला वडील पंपाची मोटर लावतात, तिथे गाडी लावून चालणार नाही.

पैशाचं बोलू. ऑन-रोड तेवीस लाख म्हणालास. पाच भरणार, अठरा लाख कर्ज, सात वर्षं. नऊ टक्क्यांनी हप्ता बसतो एकोणतीस हजार. सात वर्षांत व्याज सहा लाखांच्या वर. पेट्रोलचे महिन्याला पावणेआठ हजार वाचवायला तू एकोणतीस हजारांचा हप्ता घेतोयस, आणि वर मला ‘बचत होते बाई’ म्हणून सांगतोस! हेच पाच लाख भरून बारा लाखांची गाडी घेतलीस तर सात लाखांचं कर्ज, पाच वर्षं, हप्ता साडेचौदा हजार, व्याज पावणेदोन लाखांच्या आत. त्यातला निम्म्याहून जास्त हप्ता वाचलेल्या पेट्रोलमधून सुटतो. याला बचत म्हणतात. पहिल्याला हौस म्हणतात. हौस कर, माझी ना नाही. पण वहीत तिला बचतीच्या रकान्यात लिहू नकोस.

तुला सांगितलेल्या सवलतीही तपासून घे. कर्जाच्या व्याजावर दीड लाखांची आयकर वजावट मिळते, असं तुला सांगण्यात आलं. ते कलम ८०ईईबी ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतं होतं. आज ते सांगणारा एकतर अडाणी आहे नाहीतर तुला अडाणी समजतो. अटल सेतूवर विजेच्या मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून टोल नाही, हे खरं. पण तुझी कराडची वाट अटल सेतूवरून जाते का? तिथे टोलनाके खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे. खरी सवलत जीएसटीची, विजेच्या गाडीला पाच टक्के. दुसरी मोटार वाहन कराची. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात अकरा टक्के कर आहे, वरच्यांना बारा आणि तेरा. विजेच्या गाडीला राज्याने माफी दिली आहे. कोटेशनमध्ये त्या रकान्यात शून्य आहे का बघ, आणि ‘हँडलिंग’ नावाने काही घुसवलं असेल तर खोडायला लाव.

बॅटरी भाड्याने घ्यायची योजनाही तुझ्या कानावर आलीय. सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आली तेव्हा ९.९९ लाखांत गाडी आणि किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीचे, असं गणित होतं. ऐकायला स्वस्त. तुझ्या पंधरा हजार सहाशे किलोमीटरला वर्षाचं भाडं साडेचोपन्न हजार. वाचलेल्या त्र्याण्णव हजारांतून ते गेले. कमी चालवणाऱ्याला, हातात रोकड नसलेल्याला ते सोयीचं असू शकेल. पण महिन्याला किमान किलोमीटरची अट आहे का, हे कागदावर वाचल्याशिवाय त्यानेही सही करू नये. तू तर नकोच. बॅटरीची हमी मात्र प्रत्येक गाडीची वाच. साधारणपणे आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते. काही कंपन्या पहिल्या मालकाला त्याहून मोठी देतात, दुसऱ्याला नाही. पाच वर्षांनी विकायला काढशील तेव्हा समोरचा हेच विचारील.

गाडीत आईला बसवून पाहिलंस? नाही. तू बसलास, तुझा मित्र बसला, आणि त्याने व्हिडिओ काढला. विजेच्या गाडीत बॅटरी पायाखाली असते. काही गाड्यांत त्यामुळे मागची जमीन वर येते, आणि सीट मात्र तेवढी उंच होत नाही. तरुण माणसाला जाणवत नाही. आईचे गुडघे छातीकडे येतील, मांड्या सीटवर टेकणार नाहीत आणि कराड येईपर्यंत तिची कंबर बोलायला लागेल. ती तुला सांगणार नाही, मला सांगेल. शोरूममध्ये दहा मिनिटं तिला मागे बसव, काही न विचारता. तिने स्वतःहून पाय हलवले, की ती गाडी यादीतून खोड. डिकी उघडून स्टेपनी आहे का तेही बघ. बऱ्याच विजेच्या गाड्यांत तिच्या जागी पंक्चरचं किट देतात. खंबाटकी घाटात टायर फाटला तर त्या किटने आरती करायची का? चाचणीची फेरी त्यांच्या ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नकोस. चार माणसं भरून तुझ्या सोसायटीच्या रॅम्पवर चढव आणि गल्लीतल्या त्या बेकायदेशीर स्पीडब्रेकरवरून ने. पोट घासलं तर ते बॅटरीचं पोट आहे.

रंग तुला हवा तो घे. त्यावर मी बोलणार नाही.

आता काय करायचं ते ऐक, आणि ‘बघतो’ म्हणू नकोस. उद्या बुकिंगच्या पावतीच्या मागच्या अटी वाच. गाडीचा चासी नंबर तुझ्या नावावर पडण्याआधी रद्द करणं सोपं जातं, नंतर वाद सुरू होतात. रद्द करताना काही पैसे कापले तर कापू देत. एका हप्त्याहून ते कमीच असतील. मग पस्तीस ते पंचेचाळीस युनिटांतल्या, दहा ते पंधरा लाखांच्या टप्प्यातल्या तीन गाड्या निवड. जानेवारी २०२४ मध्ये पंच आली ती पंचवीस आणि पस्तीस युनिटांत; विंडसर आली अडतीसमध्ये; नेक्सॉन पंचेचाळीसमध्ये मिळते. मी हीच घे म्हणत नाही, तुझं माप बाजारात आहे एवढंच दाखवते. त्यांपैकी कोणाचं विजेची गाडी दुरुस्त करणारं वर्कशॉप कराडला किंवा साताऱ्याला आहे ते फोन करून विचार. ‘ऑल महाराष्ट्र सर्व्हिस’ असं सांगणाऱ्याकडून पत्ता घे. दोन-तीन वर्षं वापरलेली चांगली मिळत असेल तर तीही बघ, पण बॅटरीची तब्येत सर्व्हिस सेंटरच्या लेखी अहवालात असेल तरच. मालकाच्या तोंडी आश्वासनावर नको. जुनी पेट्रोल गाडी एक्सचेंज बोनसच्या मोहाने लगेच देऊन टाकू नकोस. एक गणपती तिच्यावर निघू दे, मग ठरव.

हे सगळं कमिटीचं पत्र हातात आल्यावर. त्याआधी शोरूमची पायरी चढायची नाही. महिना लागला तर लागू दे. तेवढ्यात गाड्या संपत नाहीत, ‘ही ऑफर रविवारपर्यंतच’ असं तुला कोणीही सांगो. दर रविवारी ती संपते आणि सोमवारी पुन्हा सुरू होते.

वायरमनचं एस्टिमेट आलं की मला पाठव. त्यात वायर अडीच एमएमची लिहिलेली असली तर त्याला माझा नंबर दे.